टायपिंगबायची दुसरी सही

टायपिंगबाय कोणालाही कधी ‘नाही’ म्हणाली नाही. ती ‘करूया मगे’ म्हणे. डिचोलीच्या रजिस्ट्रार कचेरीत ज्यांचं जाणं-येणं होतं, त्यांना या दोन शब्दांचा अर्थ पाठ होता. ती नुसतं ‘करूया’ म्हणाली तर कागद तासाभरात तयार मिळे. ‘करूया मगे’ म्हणाली, तर तो कागद या जन्मी होत नाही असं समजायचं. एका वकिलानं एकदा तिला मागची तारीख घालून एक कागद टाइप करायला सांगितलं. ‘करूया मगे, सायबा,’ म्हणत तिनं त्याचा कच्चा खर्डा चार घड्या घालून पेपरवेटखाली ठेवला. खर्डा सगळा पावसाळा तिथंच राहिला. वकीलसाहेब रोज येत, त्या घडीकडे बघत आणि परत जात. चतुर्थीच्या आधी त्यांनी तो स्वतःच उचलून नेला. भांडण नाही, तंडण नाही.

कचेरीसमोरच्या व्हरांड्यात तीन टायपिस्ट बसत. दोन पुरुष, आणि कोपऱ्यात खांबाला पाठ लावून ही. तिचं टेबल एका पायानं लंगडं होतं, त्याखाली ती जुन्या मतदारयादीचे कागद घडी करून घाली. सावळी, काटक, नाकात बारीक चमकी. दहाच्या सुमाराला पदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा कडक उंडो चहात बुडवून खायचा, बोटं पदराला पुसायची आणि मग मान खाली घालून चारपर्यंत खडखड. वकिलांपासून शिपायांपर्यंत सगळे तिला टायपिंगबाय म्हणत. तिचं नाव शालिनी होतं हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं ते ज्या कामासाठी, ते काम मी करायला नको होतं. पण ते पुढं येईलच.

तिची एक खोड मात्र वकिलांना अजिबात खपत नसे. आमच्या गोव्यात बायकोच्या सहीशिवाय नवऱ्याला जमीन विकता येत नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकींची सही लागते, जावयांचीही लागते. त्यामुळे कागदाच्या दिवशी कचेरीच्या बाकावर बायकांची रांग असायची. ठेवणीतली साडी नेसून, पिशवीत पाण्याची बाटली घेऊन त्या येत, आणि आपण कशाला आलो हे त्यातल्या निम्म्या जणींना ठाऊक नसे. कागदात त्यांची जागा शेवटी. क्रमांक सहा, क्रमांक पाचची पत्नी, गृहिणी, राहणार तिथंच. टायपिंगबाय कागद मशिनमधून काढला की त्या बाईला हाक मारी, ‘हांगा ये गो बाय,’ आणि तो इंग्रजी मजकूर आपल्या भाषेत तिला सावकाश वाचून दाखवी. ‘ह्यां तुझां नाव. हो तुझो वाटो. सय केलंस काय हो वाटो गेलो. समाजलां?’ बाई मान हलवी. सही करू नको, असं तिनं कोणाला सांगितल्याचं मी पाहिलं नाही. बहुतेक जणी ऐकून घेत आणि आत जाऊन सही करत.

मी तिच्याकडे गेले ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. इंग्रजी हा माझा विषय, आणि एका जुन्या, जाड इंग्रजी कादंबरीच्या नायिकेवर मी चाळीस पानांचा प्रकल्प लिहिला होता. कादंबरीचं नाव सांगत नाही, ती अभ्यासक्रमातून कधीच गेली आणि वाचणारं कोणी उरलेलं नाही. नायिका मोठी तडफदार. मी तिच्या प्रेमात होते. विशीतल्या मुली असतातच. टायपिंगबायनं नावांची स्पेलिंगं तपासायला म्हणून माझ्याकडून ते पुस्तक मागून घेतलं, आणि पंधरा दिवस परत केलं नाही. मी चौकशीला गेले, तर टेबलाच्या खणात जुन्या कॅलेंडराचं कव्हर घातलेलं ते पुस्तक होतं, आणि त्यात खूण म्हणून बसचं तिकीट.

‘सगळां बरां लिवलंस,’ ती म्हणाली. ‘पण ती पाद्र्याची भयण खंय गेली?’

मला आठवेना. कादंबरीत एक पाद्री होता हे खरं, पण त्याला बहीण? टायपिंगबायनं मला पानं काढून दाखवली. साडेपाचशे पानांच्या कादंबरीत ती बाई पाचदा येते. एकदा मोठ्या घरी चहाला सगळ्यांबरोबर बसलेली असते आणि काही बोलत नाही. एकदा चिखलातून चालत घरी जाते, कोणी गाडी देऊ केली तर नको म्हणते. मग भाऊ लग्न ठरवतो आणि सगळ्यांसमोर जाहीर करतो, की बहीण आमच्याकडेच राहील, उद्या पोरंबाळं झाली म्हणजे बघायला कोणी तरी हवंच. ती म्हणते, मी विचार करीन. त्यानंतर शंभर पानं तिचा पत्ता नाही. मग नायिकेला ती बाजारात दिसते, एक मासा विकत घेताना. आणि शेवटी, नायिकेची गाडी गावातून जात असते त्या वाक्यात अर्धी ओळ अशी, की पाद्र्याची बहीण आता खोगीरवाल्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहते आणि तिनं खिडकीला पिवळा रंग दिला आहे. बस्स.

‘एकच मासो,’ टायपिंगबाय म्हणाली. ‘डिचोलीच्या बाजारात एकट्या बायलेन एकच बांगडो मागून बघ. मासे विकणारी नुस्तेकान्न कशी बघता ती बघ. ह्या बायलेक किती धीर होयो, आणि तुझ्या चाळीस पानांत तिका जागा नाय?’

मी ओशाळले. पण माझ्यातली हुशार विद्यार्थिनी गप्प बसणारी नव्हती. मी म्हटलं, लेखकानंच तिला जागा दिली नाही, मी कुठून देऊ? लेखक तिला विसरला.

‘विसरलो म्हणून ती सुटली,’ टायपिंगबाय म्हणाली. ‘तुझ्या त्या नायिकेक शेवटाक लगीन करूचां पडलां. ती दुसरी, वायट चालीची, तिका लेखकान तापान मारली. ज्येंच्यार नजर, तेंचां कायतरी करूक होयां. हिच्यार कोणाची नजरच नाय. कोणाक विचारूक नाय, सांगूक नाय, गेली आपली.’

नंतर एम.ए. झाले, वीस वर्षं इंग्रजी शिकवते आहे, पण कादंबरी वाचायची कशी हे मला त्या व्हरांड्यात कळलं असं मी म्हणते, आणि ते खोटं नाही. मी प्रकल्पात पाद्र्याच्या बहिणीवर एक पान वाढवलं. सरांनी त्यावर लाल रेघ मारून ‘विषयांतर’ असं लिहिलं. मी ते रडकुंडीला येऊन टायपिंगबायला दाखवलं, तर ती चक्क हसली. ‘बरां झालां,’ म्हणाली. ‘आता तिका सोधूक कोण येवचो नाय.’

तिचं स्वतःचं घर शिरगावला. म्हणजे नवऱ्याचं. दत्ताराम त्याचं नाव, खाणीवर त्याचा मालाचा ट्रक होता. उंच, गोरा, मोठ्यानं हसणारा माणूस. लईराई देवीचा धोंड, म्हणजे व्रत घेतलेला भक्त होता, जत्रेच्या आधीचे पाच दिवस घराबाहेर, इतर धोंडांबरोबर राहून व्रत पाळायचा आणि होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालून यायचा. त्यांना मूल झालं नाही. पण डिचोलीत लोक तिच्याकडे बघून चुकचुकत ते मुलासाठी नव्हे. ‘बिचारी,’ बाकावरच्या बायका एकमेकींना सांगत, ‘तिची दुसरी सय रवली.’

बाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं. आमच्याकडे लग्न कायद्यानं लागायला कचेरीत दोनदा सही करावी लागते. पहिली सही म्हणजे लग्न करणार आहोत असं कळवणं. पंधरा-वीस दिवसांनी दुसरी सही, तेव्हा लग्न पक्कं. मधल्या दिवसांत भटजी, मांडव, जेवणावळी होऊन जातात आणि किती तरी घरांत दुसरी सही राहूनच जाते. वर्ष उलटलं की पहिलीही फुकट. मग कधी तरी नवरा दुसरीकडे गुंतला किंवा मेला, की त्या बाईला कळतं, आपण कायद्यानं कोणीच नव्हतो. काही पुरुष मुद्दामच जात नाहीत. दत्तारामनं तसंच केलं असं सगळे धरून चालले होते. रोज दुसऱ्यांचे कागद टाइप करते आणि स्वतःचाच कागद अर्धा, अशी तिची कीव करायला लोकांना आवडायचं. ती कोणाला दुरुस्त करायला जात नसे.

मला तिनं खरं सांगितलं ते माझं लग्न ठरलं तेव्हा. ‘दुसऱ्या सयेक गेलंस?’ असं तिनं विचारलं, मी गेले होते म्हटलं, तर म्हणाली, ‘बरां केलंस. माझां बघून शिको नको.’ मी विचारलं, तुमची का राहिली?

‘पयलो तो विसरलो,’ ती म्हणाली. ‘त्या दिवसा तेका ट्रकाची फेरी गावली. मागीर मी आठवण करूक नाय.’

तिची सही राहिली त्याच आठवड्यात तिच्यासमोर एक बाई आली होती. आईकडून आलेली बाग विकायला नवरा तिला घेऊन आला होता. टायपिंगबायनं नेहमीप्रमाणे कागद वाचून दाखवला. बाईनं तो ऐकला की नाही कोण जाणे, तिनं फक्त ‘खंय?’ एवढंच विचारलं. सही कुठं करायची, खंय? नवऱ्यानं बोट ठेवलं तिथं तिनं केली. टायपिंगबायचे वडील तेव्हा जिवंत होते, ती त्यांची एकुलती एक, आणि पार्सेला त्यांची काजूची बाग होती. दुसरी सही केली असती तर पुढं त्या बागेत अर्धा वाटा आपोआप दत्तारामचा झाला असता. ‘तो वायट नाय,’ ती म्हणाली. ‘तेणां मागलां तर मी देतलंय, ह्यां माका ठावक होतां. म्हणून मागूकच येवक नये अशी सोय केलंय.’ तिचा आवाज कागद वाचून दाखवताना असायचा तसाच होता.

मीही पुढं एक सही केली आहे. वडील गेल्यावर आमचं साळचं घर भावानं घ्यायचं ठरलं आणि माझा वाटा सोडून द्यायला माझ्या नवऱ्याची हरकत नव्हती, त्यामुळे माझीही नव्हती. कागद टायपिंगबायनंच टाइप केला. मी क्रमांक चार. मी इंग्रजीची प्राध्यापिका, कागद मला वाचता येत होता, तरी तिनं मला हाक मारली आणि इतर बायकांना वाचून दाखवी तसाच सावकाश वाचून दाखवला. ‘समाजलां?’ मी हो म्हटलं. तिनं वर न बघता पुढचा कागद मशिनमध्ये घातला. आता वाटतं, ती काही बोलली असती तर बरं झालं असतं. पण ते तिचं काम नव्हतं, माझं होतं.

मग खाणी बंद पडल्या. शिरगाव, मये, पिळगाव, सगळीकडे ट्रक दारांत उभे राहिले, चाकांना वेल चढले. दत्ताराम रोज सकाळी ट्रकात बसून इंजिन चालू करायचा, बॅटरी मरू नये म्हणून, दहा मिनिटं घरघर ऐकायचा आणि बंद करून खाली उतरायचा. ते बघवत नसे असं टायपिंगबाय म्हणाली होती. तिच्या तोंडून एवढं आलं म्हणजे खूपच. तेवढ्यात तिचे वडील वारले. मोपाला विमानतळ होणार म्हटल्यावर पार्सेला दिल्लीकडची माणसं बंगले बांधायला जागा बघत फिरू लागली. दत्तारामच्या डोक्यात आलं, बाग विकूया आणि हरमलला टुरिस्टांसाठी चार खोल्या बांधूया. तो कागद करायला वकिलाकडे गेला. वकिलानं लग्नाचा दाखला मागितला, आणि तेव्हा त्याला कळलं, की बाग एकट्या बायकोची आहे, आणि बायको कायद्यानं त्याची बायकोच नाही.

तो रागावला नाही. हसतच घरी आला. ‘तुझी टायपिंगची अक्कल आपल्या घरात चलली नाय मगे,’ असं काहीसं म्हणाला, आणि मग, ‘उद्या जावया आणि सय करूया.’

‘करूया मगे,’ ती म्हणाली.

तो उद्या दोन वर्षं चालला. आधी तो थट्टेनं विचारी, मग रागानं, मग विचारीनासा झाला. त्या वर्षी जत्रेआधीचे पाच दिवस तो नेहमीसारखा घराबाहेर राहिला, होमकुंडातून चालला, व्रत संपलं, सगळे धोंड आपापल्या घरी गेले. दत्ताराम अंगणात आला आणि घरात न येता ट्रकाच्या केबिनमध्ये चढला. तो तिथंच झोपायला लागला. जेवणाचं ताट ती ट्रकाच्या पायरीवर ठेवायची, तो जेवून ताट धुऊन पायरीवर परत ठेवायचा. वाटेनं जाणारे-येणारे बघत. गाव म्हणू लागलं, बघा, तिला फसवलं आणि वर हा तमाशा. तिच्या आत्तेनं येऊन त्याला भर रस्त्यात सुनावलं. त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं.

यावरून माझं तिच्याशी भांडण झालं. एकदाच. मी म्हटलं, बाग नका देऊ, पण लोकांना खरं काय ते सांगा. त्या माणसानं न केलेल्या गोष्टीसाठी का म्हणून शिव्या खायच्या? तिनं मशिनवरचं कापड काढलं, परत घातलं. ‘सांगलंय तर सगळे माका समजावक येतले,’ ती म्हणाली. ‘सगळ्यांची नजर माझ्यार येतली. माका तितको धीर नाय गो.’ मी तिला धीराची बाई समजत होते. तिचा धीर कोणी बघत नाही तेवढ्यापुरताच होता, आणि त्याची किंमत दत्ताराम देत होता. हे मला तेव्हा कडू लागलं, आजही लागतं. तिच्यावर माया आहे म्हणून हे लपवणार नाही.

केबिनमध्ये सात-आठ महिने काढल्यावर एका सकाळी त्यानं ट्रक चालू केला, आणि घरघर थांबेना. ती बाहेर येऊन बघते तर तो स्टिअरिंगवर डोकं टेकून पडलेला. अर्ध्या अंगावरून वारं गेलं होतं. हॉस्पिटलात डोक्याचं ऑपरेशन करायचं ठरलं, आणि एका तरुण डॉक्टरनं तिच्यापुढं कागद धरला. रुग्णाशी नातं काय? त्याचा भाऊ यायला तास लागणार होता. मी तिच्याबरोबर होते. तिनं पेन घेतलं आणि ‘पत्नी’ असं लिहून खाली सही केली. मग पेन डॉक्टरला परत देऊन माझ्याकडे बघून म्हणाली, ‘जल्मात एक खोटी सय केलंय. बघलंस?’ आणि भिंतीकडे तोंड करून रडली. तिला रडताना मी त्याआधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही.

दत्ताराम वाचला, पण उजवं अंग आणि वाचा गेली. तीन वर्षं तिनं त्याचं सगळं केलं. सकाळी त्याला न्हाऊ घालून, पेज भरवून साडेनऊला डिचोली, दुपारी परत, पुन्हा कचेरी. एव्हाना मशीन जाऊन कॉम्प्युटर आला होता. तो घरात परत आला होता, आता त्याला उठून जाता येत नव्हतं. एकदा मी भेटायला गेले तेव्हा त्यानं डाव्या हातानं तिच्याकडे बोट दाखवून हवेत सही केल्यासारखं केलं आणि हसला. राग होता की थट्टा, मला कळलं नाही. तिलाही कळलं नसावं. तिनं त्याची हनुवटी पुसली.

तो गेला. तेराव्याचं जेवण झाल्यावर थोरला दीर तिच्यापाशी आला. भला माणूस, वाईट वागला असं मी म्हणणार नाही. घर आता भावांच्या वाटणीत काढायचं होतं. तो खाली बघत म्हणाला, ‘वयनी, तुमची सय लागूची नाय.’ जिच्या एका सहीसाठी घरात एवढं रामायण झालं, तिला हे ऐकावं लागलं. तिला ते आधीपासूनच ठाऊक होतं, असे कागद तिनं जन्मभर टाइप केले होते. ‘बरां,’ म्हणाली. चार दिवसांनी दोन ट्रंका, भांडी आणि कॉम्प्युटर टेंपोत घालून ती पार्सेला गेली. दारातला ट्रक पुढं भंगारात गेला.

पार्सेच्या बागेत वडिलांची जुनी दोन खोल्यांची मांगराची, म्हणजे राखणीच्या घराची जागा होती. तिथं राहून ती पेडण्याच्या कचेरीपाशी बसू लागली. मीही तोवर पेडण्याला नोकरीला आले होते, त्यामुळे भेट होई. काजूच्या दिवसांत गेले तर सगळी बाग बोंडूंच्या, पिकल्या काजूफळांच्या वासानं घमघमायची. मी एकदा धीर करून विचारलं, एवढ्यासाठी एवढं सगळं करावं असं होतं का हे? तिनं हातातली कोयती खाली ठेवली. ‘काजी माका विचारून पडनत नाय,’ ती म्हणाली. ‘पण माका विचारल्याबगर झाड कोण तोडूचो नाय. तितक्यां पुरे.’ पुरे म्हणाली खरी, पण चेहरा पुरे झाल्यासारखा नव्हता. दुपारी जेवायला बसली की दोन ताटं मांडायची आणि एक उचलून परत ठेवायची. मृत्युपत्र करा, असं मी दोन-तीनदा सुचवलं. ‘लोकांची इतकी टायप केलंय,’ ती म्हणाली, ‘एका घरात तेणां सूख इलां नाय. मी आसंय तितके दिस माझां. मागीर जेचां तेचां.’ मी फारच मागं लागले तेव्हा म्हणाली, ‘करूया मगे.’ त्यानंतर मी विषय काढला नाही.

गेल्या वर्षी ऐन काजूच्या दिवसांत ती गेली. पदेर रोज सकाळी तिच्या फाटकाच्या खुंटीला पावाची पिशवी अडकवायचा. एका सकाळी आदल्या दिवसाचे उंडे तसेच पिशवीत होते, मुंग्या लागलेले. तो आत गेला. ती एका झाडाखाली पडली होती, बाजूला बोंडूंची टोपली. दीड दिवस तिची चौकशी कोणी केली नव्हती. मीही नाही. परीक्षेचे पेपर तपासत होते. दहन पार्सेलाच झालं, शिरगावचा थोरला दीर आला होता, सगळ्यांच्या मागं उभा राहून नमस्कार करून गेला.

दोन महिन्यांनी तिच्या चुलतभावाचे दोन मुलगे माझ्याकडे आले. म्हापशाला राहतात, नीटनेटके, बोलायला गोड. बाग आता त्यांना मिळणार होती. त्यासाठी नोटरीपुढं वारसाचा कागद करायचा होता आणि तीन साक्षीदार हवे होते, मयत बाईला जवळून ओळखणारे. तिचं नाव शालिनी हे मला कळलं ते त्यांनी आणलेल्या कागदांवरून. ‘टिचर, तुमच्याइतकी तिका कोण वळखता?’ थोरला म्हणाला. ‘खोटां कायच सांगूचां नाय. खरां आसा तितक्यांच.’ गिऱ्हाईक ठरलेलं आहे हे त्यानं लपवलं नाही. दिल्लीचीच माणसं होती. मी नाही म्हटलं असतं तर कोणी तरी दुसरा साक्षीदार मिळाला असता, हे खरं. पण तो मी नसते. मी ‘येते’ म्हटलं.

नोटरीच्या ऑफिसात एक मुलगी कॉम्प्युटरवर बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, मयताचं नाव? शालिनी. वडिलांचं? वामन. मूल? नाही. लग्न?

बावीस वर्षं एका माणसाचं ताट वाढणारी बाई. हॉस्पिटलातल्या भिंतीकडे तोंड करून रडलेली. मुलीनं पुन्हा विचारलं, ‘म्याडम, लग्न?’ दोन्ही पुतणे माझ्याकडे बघत होते. झालं होतं म्हणावं तर कागद अडेल, आणि ते कायद्यानं खोटंही होईल, जे टायपिंगबायनं सगळा जन्म खर्चून खोटं ठेवलं होतं. तिची बाजू घ्यायची तर काय बोलावं हेच मला कळेना.

‘झालं नव्हतं,’ मी म्हटलं.

मुलीनं नावामागं ‘कुमारी’ लावलं, कागद छापून माझ्यापुढं ठेवला आणि बोटानं जागा दाखवली. मी वाचला नाही. साक्षीदारांत माझी सही तिसरी होती. पहिल्याच फटक्यात ती वळणदार, स्वच्छ आली, याची मला अजून लाज वाटते.